लढाई आम्ही करतो, बिल फिलाडेल्फियाला पाठवतो

जून १७८४. अमेरिकेच्या अख्ख्या सैन्यात माणसं किती? ८०. टायपो नाहीये, ऐंशीच. २५ फोर्ट पिटला, म्हणजे आजच्या पिट्सबर्गला, आणि ५५ वेस्ट पॉइंट वगैरे ठिकाणी दारूगोळ्याची कोठारं राखायला, आणि वर असा ठराव की कॅप्टनच्या वरचा एकही ऑफिसर ठेवायचा नाही. स्वातंत्र्ययुद्ध संपून इंग्लंडशी तह होऊन वर्षही झालं नव्हतं आणि काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, सैन्याला घरी पाठवून दिलं, कारण एकतर तिजोरीत खडखडाट, आणि दुसरं म्हणजे शांततेच्या काळात खडं सैन्य बाळगणं हे राजेलोकांचं काम, प्रजासत्ताकाला ते शोभत नाही, असं त्या पिढीला मनापासून वाटायचं. दुसऱ्याच दिवशी त्याच काँग्रेसनं चार राज्यांना विनंती केली की बाबांनो, पश्चिम सीमेसाठी सगळे मिळून ७०० जण द्या. विनंतीच, कारण हुकूम द्यायचा अधिकार तेव्हा काँग्रेसला नव्हता, टॅक्स लावायचाही नव्हता.

जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला नॅशनल गार्ड, म्हणजे राज्यांचं राखीव सैन्य, पाठवण्यावरून ट्रम्प आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर न्यूसम यांची कोर्टबाजी सुरू झाली तेव्हा आमच्या ग्रुपवर बरीच वादावादी झाली, की राज्याचं सैन्य गव्हर्नरचं का प्रेसिडेंटचं, आणि कोणीतरी म्हणालं की हे ट्रम्पमुळे नवीनच निघालंय. नवीन कुठलं, हे भांडण देशापेक्षा जुनं आहे. तेव्हापासून मी हा १७८४ ते १८१५ चा काळ जमेल तसा वाचतोय, आणि ओहायो-इंडियानात राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी तर हे अगदी घराच्या मागच्या अंगणातलं आहे, फोर्ट वेनला क्लायंटकडे जाणाऱ्या किती जणांना माहितीये की त्या गावासाठी अमेरिका दोनदा सपाटून मार खाऊन आली होती?

आता सेटिंग बघा. युद्ध संपवणाऱ्या पॅरिसच्या तहात इंग्लंडनं मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख अमेरिकेला देऊन टाकला. पण त्या मुलखात राहणाऱ्या मायामी, शॉनी, डेलावेअर, वायनडॉट, खाली दक्षिणेत क्रीक, चेरोकी, या नेटिव्ह टोळ्यांपैकी पॅरिसला कोणीच नव्हतं, आणि त्यांनी काही दिलेलंही नव्हतं. इंग्रजांनी डेट्रॉइट, नायगारा असे किल्ले सोडलेच नाहीत. खाली फ्लोरिडात स्पेन बसलेला. आणि मधे ॲपलेशियन डोंगर ओलांडून सेटलर लोकांचे लोंढे, केंटकीत, ओहायो नदीच्या काठानं, टेनेसीच्या खोऱ्यात. सेटलर जमीन घेणार, नेटिव्ह लोक मारणार, मग सेटलर मारणार, मग ते परत, असं ते चक्र. केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होता, गव्हर्नर डोंगरापलीकडे रिचमंडला, पत्र जायला यायला आठवडेच्या आठवडे, त्यामुळे खरी सत्ता काउंटीच्या मिलिशिया कर्नलकडे. मिलिशिया म्हणजे कोण, तर गावातलेच शेतकरी, आपापली बंदूक घेऊन आलेले, आणि कर्नल म्हणजे बहुतेक वेळा गावातला सगळ्यात जास्त जमीनवाला माणूस. हे लक्षात ठेवा, जमीनवाला.

शाळेतल्या पुस्तकी पद्धतीनं हा विषय 'मिलिशिया चांगली का रेग्युलर आर्मी चांगली' असा मांडतात. मला ते फार पटत नाही. पत्रव्यवहार आणि काँग्रेसमधले वाद वाचत गेलं की दिसतं की खरा वाद दोनच गोष्टींचा होता, लढाई सुरू करायचा निर्णय कोणी घ्यायचा आणि तिचं बिल कोणी भरायचं. फ्रंटियरच्या, म्हणजे सीमेवरच्या, लोकांना पहिली गोष्ट स्वतःकडे हवी होती आणि दुसरी फेडरल सरकारकडे. एवढंच. बाकी सगळी तत्त्वं नंतर चिकटवलेली.

राज्यघटनेच्या आधीचा एक प्रसंग सांगतो कारण तो डोक्यातून जात नाही. जानेवारी १७८६ मध्ये फोर्ट फिनीला काँग्रेसच्या कमिशनरांनी शॉनी लोकांशी तह केला. म्हातारा मोलुन्था हा शॉनींचा एक मुख्य सरदार, त्यानं तो मान्य केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंटकीची मिलिशिया बेंजामिन लोगनच्या हाताखाली मॅड नदीवरच्या शॉनी गावांवर चालून गेली, गावातले लढणारे पुरुष दुसरीकडे गेलेले, मागे म्हातारे, बायका, पोरं. मोलुन्थानं अमेरिकेचा झेंडा लावला होता आणि तहाचा कागद हातात धरला होता. तो शरण आला. लोगननं कैद्यांना हात लावायचा नाही असं बजावलेलं होतं. तरी ह्यू मॅकगॅरी नावाचा ऑफिसर पुढे आला आणि त्यानं म्हाताऱ्याला विचारलं, तू ब्लू लिक्सला होतास का? ब्लू लिक्स म्हणजे १७८२ ची लढाई जिथे केंटकीची सत्तरेक माणसं मेली होती, आणि ती मेली होती त्याचं एक कारण खुद्द मॅकगॅरीच, सगळे थांबा म्हणत असताना हा भित्रे कुठले म्हणून घोडा नदीत घालून पुढे गेला होता. मोलुन्थाला प्रश्न कळला की नाही कोण जाणे, त्यानं होकारार्थी काहीतरी केलं, आणि मॅकगॅरीनं कुऱ्हाडीनं त्याला तिथेच मारलं. कोर्ट मार्शल झालं. शिक्षा काय? एक वर्ष सस्पेंड.

म्हणजे तह करणारं सरकार एक, आणि तो तह मोडायची ताकद असलेली माणसं वेगळीच, आणि त्या माणसांना शिक्षा करायची ती त्यांच्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. असल्या सरकारशी तह करून उपयोग काय, असं समोरच्यांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं.

१७८७ ची राज्यघटना लिहिताना हे सगळं लोकांच्या डोक्यात होतं, मॅसेच्युसेट्समधलं शेजचं बंड, म्हणजे कर्जबाजारी शेतकऱ्यांचा उठाव, तर अगदी ताजं. मग त्यांनी काय केलं, तर अर्धं अर्धं वाटून टाकलं. काँग्रेसला सैन्य उभारायचा हक्क, टॅक्सचा हक्क, आणि कायदा राबवायला, बंड मोडायला, आक्रमण परतवायला मिलिशिया बोलवायचा हक्क. पण मिलिशियाचे ऑफिसर नेमणार राज्यं, ट्रेनिंग देणार राज्यं. आणि राज्यांना सांगितलं की काँग्रेसच्या परवानगीशिवाय तुम्ही युद्ध करायचं नाही, अपवाद फक्त प्रत्यक्ष आक्रमण झालं असेल किंवा थांबायला वेळच नाही इतका धोका समोर असेल तर. आता मला सांगा, १७९० च्या फ्रंटियरवर असा कुठला मंगळवार होता जेव्हा कोणालातरी धोका समोर दिसत नव्हता? ही फट इतकी मोठी होती की त्यातून घोडदळ जायचं, आणि खरंच गेलं.

वॉशिंग्टनचा युद्धमंत्री हेन्री नॉक्स. बोस्टनचा पुस्तकविक्रेता, क्रांतीच्या युद्धात तोफखान्याचा प्रमुख झालेला. १७८९ मध्ये त्यानं वॉशिंग्टनला हिशोब करून दिला की वॅबाश नदीकडच्या टोळ्यांना लष्करी बळानं वठणीवर आणायचं तर २,५०० माणसं लागतील आणि सहा महिन्यांचा खर्च २ लाख डॉलर, आणि एवढे पैसे सरकारकडे नाहीत. हातात होते सहाशेच्याही आत सैनिक. म्हणून नॉक्सचं म्हणणं, तह करा, जमीन विकत घ्या, ते स्वस्त पडतं. त्यात न्यायाची भाषाही होती आणि ती सगळीच ढोंगी होती असं मी म्हणणार नाही, पण बेरीज-वजाबाकी पहिली.

तरी १७९० ला मोहीम निघालीच. सप्टेंबर १७८९ मध्ये काँग्रेसनं प्रेसिडेंटला फ्रंटियरसाठी मिलिशिया बोलवायची परवानगी दिली होती, वॉशिंग्टननं ओहायोच्या पलीकडच्या मुलखाचा गव्हर्नर आर्थर सेंट क्लेअर याला कळवलं की गरज पडल्यास व्हर्जिनियाकडून १,००० आणि पेनसिल्व्हेनियाकडून ५०० पर्यंत माणसं मागवा. स्वस्तातलं युद्ध. जनरल जोसाया हारमारकडे ३२० रेग्युलर, म्हणजे पगारी फेडरल सैनिक, आणि १,१०० च्या वर मिलिशिया जमली, सिनसिनाटीच्या फोर्ट वॉशिंग्टनला. (सिनसिनाटी हे नावही सेंट क्लेअरनंच ठेवलेलं.) जमलेली माणसं बघून रेग्युलर ऑफिसरांचे चेहरे पडले. केंटकीच्या जंगलातले पट्टीचे नेमबाज येतील अशी अपेक्षा, आणि आले कोण, म्हातारे, कोवळी पोरं, पैसे घेऊन दुसऱ्याच्या बदल्यात आलेले. काहींच्या बंदुकांना चापच नाही, फोर्टवर फुकट रिपेअर करून मिळेल या आशेनं आणलेल्या! स्वयंपाकाची भांडी नाहीत, कुऱ्हाडी नाहीत. वर ट्रॉटर आणि हार्डिन या दोन कर्नलांत भांडण, सीनियर हार्डिन पण केंटकीची पोरं म्हणतात आम्हाला ट्रॉटरच पाहिजे नाहीतर आम्ही चाललो घरी, आणि हारमारला पहिले काही दिवस हेच मिटवत बसावं लागलं. ऑफिसर राज्यांनी नेमायचे म्हटल्यावर हे असंच होणार.

आणखी एक कमाल म्हणजे सेंट क्लेअरनं डेट्रॉइटच्या इंग्रज कमांडरला आधीच पत्र पाठवून ठेवलं की आमची स्वारी तुमच्यावर नाहीये हं, काळजी करू नका. इंग्रजांचे आणि मायामींचे संबंध कसे होते हे सगळ्या जगाला माहीत असताना.

ऑक्टोबर १७९० मध्ये सैन्य मायामींच्या केकिओंगाला पोचलं, म्हणजे आजचं फोर्ट वेन. गावं रिकामी. त्यांनी २०,००० बुशेल मका जाळला आणि परत निघायला हरकत नव्हती, पण हार्डिनला लढाई पाहिजे होती. १९ तारखेला तो साधारण १८० जणांना घेऊन निघाला, त्यातले ३० रेग्युलर. मायामींचा लिटल टर्टल दबा धरून होता. पहिल्या गोळ्यांबरोबर मिलिशियातले बरेचसे पळाले, रेग्युलर उभे राहिले आणि जवळपास सगळे कापले गेले, त्यांचा कॅप्टन आर्मस्ट्राँग दलदलीत लपून वाचला. तीनच दिवसांनी परत तोच प्रकार, या वेळी मेजर वायलीस आणि त्याच्याबरोबरच्या ६० रेग्युलरांपैकी बहुतेक गेले. हारमार परत येऊन म्हणाला मोहीम यशस्वी झाली. चौकशीत तो सुटलाही.

काँग्रेसला कळलं की मिलिशियाच्या भरवशावर चालणार नाही, पण खडं सैन्य म्हटलं की अजून अंगावर काटा यायचा, म्हणून मार्च १७९१ मध्ये मधला मार्ग काढला, दुसरी एक रेजिमेंट आणि शिवाय २,००० 'लेव्ही', म्हणजे सहा महिन्यांच्या करारावर फेडरल सरकारनं भरती केलेली माणसं, ज्यांचे ऑफिसर राज्यं नेमणार नाहीत. राज्यांना वळसा घालायची ही युक्ती. पण माणसं मिळाली ती शहरांतली बेकार पोरं, पगार तुटपुंजा, विल्यम डुएर हा सप्लायचा ठेकेदार सरकारी पैसा सट्ट्यात फिरवत होता, बूट फाटके, तंबू गळके, आणि सगळं इतकं उशिरा की या वेळी स्वतः सेनापती असलेला सेंट क्लेअर निघेपर्यंत लेव्हींचे सहा महिने संपायला लागलेले. वाटेतच काही जण म्हणायला लागले, करार संपला, सोडा आम्हाला. ३१ ऑक्टोबरला मिलिशियातले ६० एक जण पळाले आणि मागून येणारी धान्याची रसद लुटतील या भीतीनं सेंट क्लेअरनं आपली सगळ्यात चांगली रेजिमेंट, फर्स्ट रेजिमेंट, त्यांच्यामागे पाठवली. शत्रू समोर, आणि उत्तम सैनिक पाठीमागे आपल्याच माणसांपासून पिठाची पोती वाचवायला!

४ नोव्हेंबर १७९१, पहाटे, वॅबाश नदीच्या उगमाजवळ. उरलेले साधारण १,४०० जण. मिलिशियाचा तळ ओढ्याच्या पलीकडे वेगळा. लिटल टर्टल आणि शॉनींचा ब्लू जॅकेट यांनी पहिला हल्ला तिथेच केला, मिलिशिया पळत पळत मुख्य छावणीत घुसली आणि रेग्युलरांच्या रांगाच विस्कटल्या. तीन तासांत ६०० च्या वर सैनिक मेले, शिवाय छावणीबरोबर आलेल्या बायका-मुलांपैकी कितीतरी. कस्टरची लिटल बिगहॉर्नची लढाई, नेटिव्ह लोकांपुढे अमेरिकन सैन्याचा तो गाजलेला पराभव, सगळ्यांना माहीत असते, त्यात मेले त्याच्या दुपटीपेक्षा जास्त इथे. सेंट क्लेअर गाऊटनं इतका आजारी की घोड्यावर चढवायला माणसं लागायची. आज तिथे ओहायोत फोर्ट रिकव्हरी नावाचं छोटं गाव आहे, मक्याच्या शेतांमधे एक उंच दगडी स्तंभ आणि छोटं म्युझियम, कधी त्या बाजूला गेलात तर थांबा.

(जाता जाता. दहाच वर्षांपूर्वी यॉर्कटाउनला याच अमेरिकनांपुढे शरण गेलेला कॉर्नवॉलिस त्या वेळी कुठे होता माहितीये का? आपल्याकडे. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांना सोबत घेऊन टिपूवर चालून गेला होता, फेब्रुवारी १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला वेढा. एकाच माणसाच्या करिअरमध्ये दोन खंड कसे बसतात बघा.)

पराभवानंतर काँग्रेसनं चौकशी लावली, सरकारी खात्यावरची काँग्रेसची ही पहिलीच अशी चौकशी, ठपका मुख्यतः ठेकेदार आणि खात्याच्या गलथानपणावर. आणि मे १७९२ मध्ये दोन मिलिशिया कायदे आले. नॉक्सनं दोन वर्षांपूर्वी वयाप्रमाणे गट पाडून खऱ्या ट्रेनिंगची योजना दिली होती, तिचं पाणी घालत घालत जे उरलं ते असं की १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक धडधाकट गोऱ्या नागरिकानं मिलिशियात नाव नोंदवायचं आणि स्वतःच्या खर्चानं बंदूक, संगीन, दोन जादा गारगोट्या, निदान २४ काडतुसं आणायची. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळा देश शिलेदार, बारगीर कोणी नाही, सरकार घोडाही देणार नाही आणि बंदूकही नाही. आणली नाही तर फेडरल दंड? काहीच नाही. म्हणजे कायदा केला आणि सोडून दिला.

खरं काम झालं ते दुसरीकडे. अँथनी वेनला नवीन सैन्य, लीजन, उभारायला दिलं आणि मुख्य म्हणजे वेळ दिला. पिट्सबर्गच्या खाली लीजनव्हिल नावाचा तळ करून त्यानं माणसांना अक्षरशः घासलं, नेमबाजी, संगीन, शिस्त, फटके. २० ऑगस्ट १७९४ ला फॉलन टिंबर्सला, आजच्या टोलेडोजवळ, तासाभरात लढाई जिंकली. केंटकीचे दीड हजार घोडेस्वार चार्ल्स स्कॉटबरोबर होते पण काम बहुतेक लीजननंच केलं. हरलेले नेटिव्ह योद्धे शेजारच्या इंग्रजांच्या फोर्ट मायामीसकडे गेले तर इंग्रजांनी दरवाजेच उघडले नाहीत. पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलचा तह, ओहायोचा बहुतेक भाग गेला. म्हणजे शिस्तीत घेतली काय आणि बेशिस्तीत घेतली काय, जमीन गेलीच, फेडरल सरकार कोणी संत नव्हतं हे इथे म्हणून ठेवतो, नाहीतर वाचून असं वाटेल की मी नॉक्सच्या पार्टीत आहे.

उत्तरेचं इतकं सांगितलं, आता दक्षिण, कारण बिलाची खरी मजा तिथे आहे. १७९० मध्ये वॉशिंग्टननं क्रीकांचा पुढारी अलेक्झांडर मॅकगिलिव्हरे याला न्यूयॉर्कला बोलावून थाटामाटात तह केला. जॉर्जिया राज्य खवळलं, आमच्या सीमेवरचा तह आम्हाला न विचारता कसा करता? गव्हर्नर टेलफेअर १७९३ मध्ये क्रीकांवर मोठी स्वारी काढायच्या तयारीत होता. वॉशिंग्टनचा साफ नकार. उत्तरेत मार खाल्लेला, वेनची माणसं अजून तयार नाहीत, क्रीकांच्या मागे स्पेन, आणि दोन्ही टोकांना एकदम युद्ध परवडणार कुठून. त्याच ऑगस्टमध्ये साउथ कॅरोलिनाच्या गव्हर्नर मोल्ट्रीलाही त्यानं लिहिलं की युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसचा आहे, काँग्रेसनं विचार केल्याशिवाय मोठी आक्रमक मोहीम काढता येणार नाही. बचाव करा, पैसे देऊ. स्वारी करायची नाही. या एका भेदावर सगळं टांगलेलं, आणि फ्रंटियरवरचा प्रत्येक कर्नल शपथेवर सांगायचा की साहेब आम्ही बचावच करत होतो, फक्त शंभर मैल आत जाऊन.

टेनेसी तेव्हा राज्य झालेलं नव्हतं, फेडरल टेरिटरी होती, गव्हर्नर विल्यम ब्लाउंट स्वतः जमिनीचा प्रचंड मोठा सट्टेबाज. म्हणजे इथे तर मिलिशियाचा वरिष्ठही फेडरलच. जून १७९३ मध्ये ब्लाउंट फिलाडेल्फियाला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीला, गेलेला, मागे सेक्रेटरी डॅनियल स्मिथ कारभार बघतोय. चेरोकींचा सरदार हँगिंग मॉ, हा शांततावाला, त्याच्या घरी बोलणीसाठी सरदार आणि सरकारची माणसं जमलेली, बोलणीचं निमंत्रण प्रेसिडेंटकडून. कॅप्टन जॉन बिअर्ड मिलिशियाची तुकडी घेऊन दुसऱ्याच कोणाच्या मागावर होता, तो पहाटे या घरावर तुटून पडला. कितीतरी माणसं मेली, हँगिंग मॉ आणि त्याची बायको जखमी. स्मिथनं सरदारांना पत्रं लिहिली, धीर धरा, न्याय होईल. बिअर्डचं कोर्ट मार्शल झालं आणि तो निर्दोष सुटला. परत तेच, पंच त्याचेच शेजारी.

मग सप्टेंबरमध्ये डबलहेड वगैरेंनी नॉक्सव्हिलजवळ कॅव्हेट्स स्टेशनवर १३ जणांना, शरण आल्यावर मारलं. (हो, नॉक्सव्हिल हे त्याच नॉक्सच्या नावानं, ज्याचा हुकूम तिथे कोणी ऐकत नव्हतं.) जॉन सेव्हियर मिलिशिया घेऊन निघाला आणि ऑक्टोबरमध्ये थेट आजच्या जॉर्जियातल्या रोमजवळ एटोवा गाव जाळून परत आला. स्मिथनं परवानगी दिली होती, पण वरून हुकूम स्पष्ट होता की आक्रमण नाही. म्हणून युद्धखात्यानं पगार अडवला. फेडरल सरकारच्या हातात खरा लगाम हाच एक होता, मोहिमेला निघाल्यावर थांबवणार कोण, पण हजेरीपटावर सही करायची नाही एवढं फिलाडेल्फियातून जमायचं.

तो लगामही तुटला. टेनेसी १७९६ मध्ये राज्य झालं आणि त्यांचा पहिलावहिला काँग्रेसमन फिलाडेल्फियाला आला, उंच, किरकोळ, नाव अँड्र्यू जॅक्सन. त्यानं आल्या आल्या हा सेव्हियरच्या मोहिमेचा पगाराचा विषय धरला. त्याचा एक मुद्दा अपेक्षित, बायकामुलांच्या डोक्यावर टॉमाहॉक असताना आम्ही काय करायचं होतं. दुसरा मात्र मला फार हुशार वाटला. तो म्हणाला, शिपायाला वरिष्ठानं बोलावलं, तो गेला. मोहीम कायदेशीर आहे का हे विचारायचा हक्क शिपायाला दिलात तर शिस्त नावाची गोष्टच राहणार नाही. मग पगार का कापता? झालं, १७९७ मध्ये पैसे मंजूर. फ्रंटियरनं यातून काय धडा घेतला हे सांगायला नको. जॉर्जियाच्या मिलिशियाची १७९२ ते ९४ ची बिलं मात्र अशीच पडून राहिली, काँग्रेस दर काही वर्षांनी फाइल उघडायची आणि बंद करायची, शेवटी १८२७ मध्ये सव्वा लाख डॉलरच्या वर रक्कम मंजूर झाली.

व्हिस्की बंडाचं थोडक्यात, कारण त्यावर खूप लिहिलं गेलंय. वेन ओहायोत लढत होता त्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेचे लोक दारूवरच्या फेडरल टॅक्सविरुद्ध उठले, म्हणजे संरक्षण पाहिजे पण टॅक्स नको, आणि वॉशिंग्टननं चार राज्यांतून १३,००० च्या आसपास मिलिशिया बोलावली. १७९२ च्या कायद्यानं आधी न्यायाधीशाचं सर्टिफिकेट लागायचं, ते घेतलं. पुढच्याच वर्षी १७९५ च्या कायद्यात ती अट काढून टाकली. ही छोटीशी दुरुस्ती पुढे फार महागात पडली राज्यांना.

कारण इंग्लंडशी १८१२ चं युद्ध आलं तेव्हा मॅसेच्युसेट्स आणि कनेक्टिकटच्या गव्हर्नरांनी सांगितलं की आक्रमण झालंय का नाही हे आम्ही ठरवणार, आणि मिलिशिया देणार नाही. न्यूयॉर्कची मिलिशिया क्वीन्स्टनच्या लढाईत नायगारा नदीच्या अमेरिकन काठावर उभी राहून समोर कॅनडात आपली माणसं मरताना बघत राहिली पण पलीकडे जाईना, कारण देशाबाहेर जायचं कलम घटनेत नाही. कायद्यानं बोलायचं तर त्यांचं अगदीच चूक नव्हतं! जेकब मॉट नावाचा न्यूयॉर्कचा एक मिलिशियावाला १८१४ मध्ये बोलावल्यावर गेलाच नाही, ९६ डॉलर दंड झाला, तो कोर्टात गेला आणि १८२७ मध्ये, म्हणजे जॉर्जियाची बिलं निघाली त्याच वर्षी, सुप्रीम कोर्टात जस्टिस स्टोरीनं निकाल दिला की आणीबाणी आहे की नाही हे प्रेसिडेंट एकटा ठरवणार आणि सगळ्यांना ते मान्य करावं लागेल, नाहीतर प्रत्येक शिपाई हुकूम तपासत बसेल. जॅक्सननं तीस वर्षांपूर्वी पगार मिळवण्यासाठी वापरलेला मुद्दा, आता सुप्रीम कोर्टाच्या शिक्क्यानं. लॉस एंजेलिसच्या २०२५ च्या केसमध्येही याच मॉटचं नाव परत निघालं.

आणि जॅक्सन? तो मधल्या काळात टेनेसी मिलिशियाचा जनरल झाला होता. १८१३ च्या शेवटी क्रीकांविरुद्धच्या मोहिमेत त्याची माणसं घरी निघाली तर हा बंदूक घोड्याच्या मानेवर टेकवून रस्त्यात उभा. १८१४ च्या सप्टेंबरमध्ये फोर्ट जॅक्सनवरून दोनशेच्या आसपास मिलिशियावाले निघून गेले, त्यांचं म्हणणं आमची बोली तीन महिन्यांची, सहा महिन्यांचा हुकूम बेकायदा. म्हणजे नेमकं तेच, शिपायानं कायदा विचारला. कोर्ट मार्शल झालं, बहुतेकांना बारीकसारीक शिक्षा, सहा जणांना मृत्युदंड. न्यू ऑर्लिन्सची लढाई जिंकून झाली होती, युरोपात तहावर सह्या होऊन दोन महिने होत आलेले, आणि २१ फेब्रुवारी १८१५ ला मोबीलला त्या सहा जणांना गोळ्या घातल्या, त्यांच्यात जॉन हॅरिस नावाचा एक धर्मोपदेशक. जॅक्सन प्रेसिडेंटपदासाठी उभा होता त्या १८२८ च्या इलेक्शनमध्ये विरोधकांनी त्या सहा शवपेट्यांची चित्रं छापून गावोगाव पत्रकं वाटली. तरी टेनेसी, केंटकी, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, सगळीकडे जॅक्सनच जिंकला.